मान डोलावली, डोळ्यांत बघितलं, तरी पेशंट म्हणतो ‘ऐकलंच नाही’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून तुम्हाला दीड वर्ष झालं. रोज पन्नास-साठ पेशंट. मध्यंतरी दोन दिवसांचा देहबोलीचा कोर्स केलात. तिथे सांगितलं, संवादातला ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो. पेशंटच्या डोळ्यांत बघा, जरा पुढे झुका, मान हलवत राहा, त्याचं वाक्य त्याला परत म्हणून दाखवा. हे सगळं तुम्ही मनापासून करताय. आणि परवा गुडघेदुखीचे एक आजोबा दारातून मागे वळून म्हणाले, ‘‘डॉक्टर, माणूस चांगले आहात, पण माझं ऐकलंच नाही तुम्ही.’’ चुकलं कुठे, आणि त्याच लोकांचा पुढचा, अठरा हजारांचा कोर्स करू का, असं तुम्ही विचारलंय.

त्या आजोबांशी झालेलं बोलणं तुम्ही जवळजवळ जसंच्या तसं लिहिलंत, ते फार बरं केलंत. आजोबा म्हणाले, ‘‘गुडघे लई दुखत्यात. जिना उतरायचं म्हटलं की नको वाटतं. आता वरच्या खोलीत असतो ना मी.’’ तुम्ही झुकून, डोळ्यांत बघून म्हणालात, ‘‘म्हणजे जिना उतरताना गुडघे दुखतात, बरोबर?’’ आजोबा ‘‘हां’’ म्हणाले आणि गप्प झाले. मग तुम्ही गुडघा तपासलात, एक्स-रे सांगितलात, गोळ्या लिहून दिल्यात. वैद्यकीयदृष्ट्या त्यात मला काही वावगं दिसत नाही.

पण तुमचा खरा प्रश्न मला देहबोलीचा वाटत नाही. ऐकतोय हे दिसावं कसं, असं तुम्ही विचारताय. पेशंट मात्र तुमच्या मानेकडे बघत नसतो. आपण जे सांगितलं त्यानं डॉक्टरच्या पुढच्या प्रश्नात काही फरक पडला का, हे तो बघतो. फरक पडला तर ऐकलं, नाही पडला तर नाही ऐकलं. त्याचा हिशेब इतका सरळ असतो, आणि तीस वर्षं दवाखाना चालवून माझंही मत आता तेच झालंय.

एक आधीच कबूल करते. मी पुढे जे लिहिणार आहे त्यातलं पुष्कळसं तुमचा दवाखाना कसा आहे, गर्दी किती, आत येणाऱ्या पेशंटबरोबर कोण कोण घुसतं, यावर अवलंबून आहे. आमच्या गावचा बाजार सोमवारी. त्या दिवशी नव्वद पेशंट होतात आणि मी चांगली ऐकणारी नसते, हे माझ्या जुन्या पेशंटांना माहीत आहे. ज्यांना बोलायचं असतं ते मंगळवारी येतात. ६७ देशांमधल्या डॉक्टरांच्या वेळेचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात एका पेशंटला बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद मिळत होते, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपला आकडा दोन मिनिटांच्या आसपासचा. तेव्हा स्वीडनच्या डॉक्टरला लागू पडणारा सल्ला तुमच्या बाकड्यावरच्या रांगेला पुरेलच असं नाही.

आणि सगळ्यांचंच खोलवर ऐकायची गरजही नसते. साठातल्या चाळीस जणांना ऐकून घेणारा डॉक्टर नको असतो, सर्दीची गोळी आणि सव्वाबाराची एसटी हवी असते. त्यांना प्रेमानं पुढे झुकून ‘‘तुम्हाला कसं वाटतंय?’’ विचारलंत तर ते वैतागतात. माझं लक्ष कुणाकडे जातं ते सांगते: एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आलेला; वाटेत दोन दवाखाने सोडून लांबून आलेला; एरवी नवऱ्याबरोबर येणारी पण आज एकटी आलेली; आणि दवाखाना बंद व्हायच्या वेळेला, बाकडं रिकामं व्हायची वाट बघत बसलेला. या शेवटच्या माणसाला मी कधीही घाईत बघत नाही.

आता त्या ९३ टक्क्यांचा निकाल लावू. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली दोन लहान प्रयोग प्रसिद्ध केले. सुटा एकेक शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचा, सोबत चेहऱ्याचा फोटो दाखवायचा, आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, याचा अंदाज घ्यायचा. शब्द गोड आणि सूर कडवट असेल तर लोक सुरावर आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, एवढंच त्यातून निघालं. ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा हे आकडे तिथले. हे भावना आणि आवडनिवडीपुरतंच आहे, असं स्वतः मेहराबियननंही बजावून ठेवलंय. पण कोर्सवाल्यांना आकडा फार आवडतो. तो खरा असता तर आमच्या इथे साखर कारखान्यावर आलेल्या ओडिया मजुराची तक्रार मला ९३ टक्के कळली असती. प्रत्यक्षात त्याच्या पोटात दुखतंय एवढंच कळलं. कधीपासून, जेवल्यावर की आधी, काळी शी होते का, हे विचारायला मुकादमाला फोन लावून स्पीकरवर ठेवावा लागला.

शब्द फार मोलाचे आहेत, डॉक्टर. १९७५ साली इंग्लंडमध्ये ८० नव्या पेशंटांवर एक साधा अभ्यास झाला होता. त्यातल्या ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी वाचून आणि हकिगत ऐकूनच झालं होतं, पुढच्या तपासण्यांनी त्यात बदल झाला नाही. पेशंटचं तोंड हे आपलं सगळ्यात स्वस्त मशीन आहे. आपण ते मध्येच बंद करतो.

किती लवकर बंद करतो, याचे आकडे वाचून मलाच लाज वाटली होती. बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली दाखवलं, की पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८व्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडतो. आणि तोडलं नाही तर? आपल्याला वाटतं, हा आता पणजोबांपासून सुरू करणार. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं, पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलू नका, आणि लपवलेल्या घड्याळावर वेळ मोजली. ३३५ पेशंट, सरासरी ९२ सेकंद. दर दहातले जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांच्या वर बोलणारे सगळे मिळून सात निघाले, आणि त्या सातांनी सांगितलेलं ऐकण्याजोगं होतं, असं त्यांच्या डॉक्टरांचंच म्हणणं. हे वाचल्यावर मी भिंतीवरचं घड्याळ पेशंटच्या डोक्यामागे टांगलं. आमच्या इथली माणसं स्विस लोकांपेक्षा जास्त बोलतील असं मला खात्रीनं वाटत होतं. तसं काही झालं नाही. एक आजी सोडून. त्या आजी अपवाद आहेत आणि राहोत.

ऐकून घ्यायला मला सगळ्यात मदत कशाची झाली असेल, तर पेन खाली ठेवण्याची. हे आमच्या कंपाउंडर काकांनी मला शिकवलं. तेव्हा मला दवाखाना टाकून चारेक वर्षं झाली असतील. ते म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही पेन उचललं की माणूस गप बसतंय.’’ मी आठवडाभर लक्ष ठेवलं. अगदी खरं. पेशंटच्या लेखी डॉक्टरच्या हातात पेन आलं म्हणजे औषध ठरलं, आणि औषध ठरलं म्हणजे आपलं बोलणं संपलं. तुम्ही मनात कितीही ‘बोला, मी ऐकतोय’ म्हणत असलात तरी तुमचा हात ‘झालं’ म्हणतोय. तेव्हापासून पेनाला टोपण लावून ते पॅडच्या पलीकडे ठेवते. लिहायची वेळ आली की सांगते, ‘‘आता लिहिते हं, काही राहिलंय का?’’ बहुतेक वेळा काही राहिलेलं नसतं. पण दहातला एक म्हणतो, ‘‘तसं काय न्हाय... पण...’’ या ‘पण’साठी सगळा खटाटोप. तुम्ही कॉम्प्युटरवर नोंदी ठेवत असाल तर कीबोर्डलाही हेच लागू, आणि टेबलावरच्या मोबाइलला तर दुप्पट.

डोळ्यांत बघण्याबद्दल. तुम्ही तरुण पुरुष डॉक्टर आहात. खेड्यातून नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलीच्या डोळ्यांत तुम्ही टक लावून बघितलंत, तेही सासूसमोर, तर ती पदर दातांत धरून खाली बघणार आणि तुमच्या प्रत्येक प्रश्नाला ‘‘काय न्हाय’’ म्हणणार. त्यात आत्मविश्वासाचा अभाव बिभाव काही नसतो, ती रीत आहे. मी बाई असूनही अशा मुलीशी बोलताना तिच्या हाताकडे, नाडीकडे बघत बोलते. नाडी बघायला हात हातात घेतला की तिचीही नजर तिथेच येते आणि दोघींना बघायला एक जागा मिळते. नाडी मोजून झाल्यावरही हात थोडा वेळ तसाच धरून ठेवते. तुम्हाला ते करता येणार नाही, पण बीपीचा पट्टा गुंडाळताना करता येईल. माणसाला दुसऱ्याकडे न बघता बोलायला सोपं जातं. बांधावर, गाडीत शेजारी बसून, भाजी निवडताना आपण जे बोलतो ते समोरासमोर बसून थोडंच बोलतो?

आणि मान हलवणं. लहानपणी रात्री आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यायची अट असायची. हुंकार थांबला की आजीला कळायचं पोर झोपलं. पण माझा धाकटा भाऊ हुशार, तो झोपेतसुद्धा ठरावीक वेळानं ‘हुं’ म्हणायचा. आजी मग मध्येच म्हणायची, ‘‘आणि राजा मेला.’’ ‘‘हुं.’’ ‘‘मग सोन्यानं भात खाल्ला.’’ ‘‘हुं.’’ मग एक टप्पल बसायची. तुमचं मान डोलावणं असं होतंय का, एवढं तपासा. गुडघा दुखतो म्हटलं तरी तेवढीच मान, बायको वारली म्हटलं तरी तेवढीच मान, तर पेशंटला आजीसारखं लगेच कळतं. ऐकणाऱ्याचा चेहरा गोष्टीबरोबर हलतो. तो मुद्दाम हलवायला गेलात तर एक ताल मागे राहतो.

वाक्य परत म्हणून दाखवण्याचा प्रयोग मीही केला होता. एका शेतकऱ्यानं सांगितलं, ‘‘जेवलं की पोट फुगतंय.’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे जेवल्यानंतर तुमचं पोट फुगतं.’’ तो माझ्याकडे बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, ‘‘मग मी काय सांगितलं?’’ आपल्या भाषेत त्या वाक्याचा फार विनोद होतो. त्याऐवजी त्याचा एखादा शब्द उचला आणि त्याच्यावर प्रश्न ठेवा. ‘कसंतरी होतंय’ म्हणाला तर ‘‘कसंतरी म्हणजे, गळून गेल्यासारखं की घाबरं झाल्यासारखं?’’ ‘कळ येते’ आणि ‘ठणका लागतो’ यांत आपल्या पेशंटला स्पष्ट फरक माहीत असतो. मुंग्या वेगळ्या, चमक वेगळी. गरगरणं वेगळं आणि डोळ्यांपुढं अंधारी येणं वेगळं, आणि या दोन्हींची कारणंही बहुधा वेगळी असतात. तुम्ही दोन्हींना ‘चक्कर’ लिहिलंत की त्याचं अर्धं सांगणं फुकट गेलं. ‘अंगावर काढलं’ म्हणाला तर ‘‘किती दिवस?’’ विचारण्याआधी ‘‘का हो?’’ विचारून बघा. पैशाचं उत्तर आलं तर औषधं वेगळी लिहावी लागतील, भीतीचं उत्तर आलं तर बोलणं वेगळं.

आता पेशंटची देहबोली वाचण्याबद्दल. कोर्समध्ये याच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि याच बाबतीत मी सगळ्यात मोठी चूक करता करता वाचले. ते जरा सविस्तर सांगते.

सातव्या महिन्यातली पहिलटकरीण, वय वीस-एकवीस. सासूबरोबर आलेली. तक्रार डोकेदुखीची, आणि तीही सासूच सांगत होती. ‘‘डोकं धरतंय म्हणती. झोपत न्हाय रात्रीची, मोबाइल बघत बसती, मग दुखायचंच.’’ मुलगी तपासायच्या टेबलावर एक पाय वर घेऊन बसलेली, मान खाली, आणि पायातलं जोडवं सारखं फिरवत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी मनात सगळं जुळवून टाकलं. सासू बोलू देत नाही, मुलगी दबलेली आहे, झोप नाही, डोकं दुखतंय, जोडव्याशी चाळा चाललाय म्हणजे सासरचा काहीतरी ताण आहे. अगदी पुस्तकात असतं तसं. मी सासूला ‘‘बाहेर कंपाउंडर काकांकडून जुना केस पेपर आणता का’’ म्हणून काढून दिलं आणि आवाज उतरवून विचारलं, ‘‘घरी काही त्रास आहे का गं?’’

ती गोंधळून म्हणाली, ‘‘न्हाय ओ मॅडम. आत्या चांगल्या हायत.’’

मला पटलं नाही. अशी उत्तरं मी खूप ऐकली होती. मग मी म्हटलं, ‘‘मग हे जोडवं का सारखं फिरवतेस?’’ खरं तर हा प्रश्न मी टोचायला म्हणून विचारला होता. ती म्हणाली, ‘‘रुततंय. आठ दिसांपास्नं निघंना झालंय.’’

मी खाली बघितलं. बोट जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. पायावर सूज गरोदरपणात पुष्कळ जणींना येते, नुसत्या सुजेनं मी घाबरले नसते. पण सूज, डोकेदुखी आणि सातवा महिना एकत्र. बीपी घेतलं तर १६० वर १०४. लघवी तपासली, प्रथिनं जात होती. गरोदरपणातल्या धोक्याच्या बीपीचीच ही लक्षणं. त्याच दुपारी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन तीच सासू बसली होती. ज्यांना मी मनातल्या मनात खलनायिका करून टाकलं होतं, त्यांनी मला नंतर बारशाला बोलावलं.

आता कुणी म्हणेल, बीपी तर कुठल्याही गरोदर बाईचं घ्यायचंच असतं. अगदी बरोबर, आणि मी घेतलंही असतं. पण तोपर्यंत माझं निदान ठरलं होतं, ‘ताण’. वाढलेलं बीपीसुद्धा मी दहा मिनिटं ताणाच्याच खात्यावर मांडलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, असतं.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम लावून घेतलाय. देहबोली दिसली की तिचा अर्थ लावायचा नाही, तिच्याबद्दल विचारायचं. ‘‘मघापासून हात चोळताय, काय होतंय?’’ ‘‘बसताना जरा तिरकं बसलात.’’ ‘‘हे बोलताना थांबलात मध्येच.’’ एवढंच. हाताची घडी घातलेला माणूस बंद मनाचा असतो असं तुम्हाला शिकवलं असेल. माझ्या दवाखान्यात डिसेंबरात सगळेच बंद मनाचे असतात, कारण दार उघडं असतं.

छातीवर ठेवलेली मूठ तेवढी वेगळी. डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांच्या नावानं ओळखली जाणारी ही खूण तुम्ही शिकला असालच. माणूस ‘पित्त झालंय’ म्हणत असेल आणि त्याची मूठ किंवा पंजा छातीच्या मधोमध जात असेल, तर मी आधी ईसीजी काढते आणि मग पित्ताचं बोलते. पण तिथेही खूण फक्त प्रश्न विचारते. मूठ ठेवणारे सगळे हृदयाचे नसतात, आणि हृदयाचे पुष्कळ जण मूठ ठेवत नाहीत, विशेषतः मधुमेहाचे जुने पेशंट आणि बायका. मूठ दिसली नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

थोडं फर्निचरबद्दलही सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. माझी खुर्ची आधी खिडकीकडे पाठ करून होती. उजेड माझ्या मागून यायचा, पेशंटचा चेहरा मला छान दिसायचा, माझा त्याला काळा. कोविडच्या काळात मास्क लावल्यावर अर्धे म्हातारे पेशंट म्हणायला लागले, ‘‘मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाय.’’ तोपर्यंत त्यांना कमी ऐकू येतं हे मला, आणि त्यांनाही, माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते ओठांवरून समजून घेत होते. मास्क गेले, पण खुर्ची मी तेव्हाच फिरवली. आता उजेड माझ्या तोंडावर पडतो. डोळ्यांना त्रास होतो थोडा. टेबल भिंतीला लावलंय आणि पेशंटचं स्टूल त्याच्या कोपऱ्यावर, म्हणजे आमच्यात टेबल येत नाही आणि अगदी समोरासमोरही बसावं लागत नाही. घरी बघायला गेलात तर खुर्ची मागून घ्या आणि बसा. अमेरिकेत कॅन्ससच्या एका रुग्णालयात मोजून बघितलं होतं: पलंगाशेजारी बसलेल्या डॉक्टरनं उभ्या डॉक्टरपेक्षा खरं तर थोडा कमी वेळ दिला होता, पण पेशंटांना तोच जास्त वेळ थांबला असं वाटलं.

पेशंटच्या ‘हो हो’वर मात्र अजिबात विसंबू नका. आपल्याकडे डॉक्टरसमोर मान हलवणं हे नमस्कारासारखं आहे. कळलं असा त्याचा अर्थ नसतो. एका काकांना मी गोळी ‘दिवसाआड’ सांगितली. त्यांनी तीनदा मान हलवली. ती ते रोज घेत होते, फक्त दिवसा, ‘‘रात्री घ्यायची न्हाय म्हणालात ना?’’ आता मी म्हणते, ‘‘मी नीट सांगितलं की नाही बघू. घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, गोळी कशी घ्यायची?’’ परीक्षा माझी, त्यांची नाही, हे त्या वाक्यातून कळायला हवं; नाहीतर शाळेत उभं केल्यासारखं होतं आणि माणूस आणखी जोरात मान हलवतो.

तर आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: पेन बाजूला, पहिली दीड-दोन मिनिटं मध्ये तोंड घालायचं नाही, त्याचाच एक शब्द उचलून त्याच्यावर विचारायचं, आणि दिसलेल्या खुणेचा अर्थ त्याच्याकडूनच काढून घ्यायचा. साठ पेशंटांत हे सगळ्यांसाठी जमणार नाही. रोज दहांसाठी करा. कुठले दहा, ते कंपाउंडरला विचारा. बाकड्यावर तासभर बसलेला माणूस त्यांनी बघितलेला असतो, तुम्हाला फक्त आत आलेला दिसतो. ‘‘ते पांढऱ्या टोपीवालं दोनदा उठून बाहेर गेलं आणि परत आलं’’ ही माहिती मला कुठल्याही रिपोर्टमधून मिळालेली नाही.

आता तुमच्या आजोबांकडे येते. त्यांची तीन वाक्यं परत वाचा. गुडघे दुखतात. जिना उतरायला नको वाटतं. ‘आता’ वरच्या खोलीत असतो. तुम्ही पहिली दोन घेतलीत, तिसरं सोडलंत. आणि तिसरं त्यांनी ‘ना मी’ असं लावून, जणू तुम्हाला माहीत असल्यासारखं सांगितलं होतं. कधीपासून वर? का? आधी खाली कुठे झोपायचे? मुलानं खालची खोली भाड्यानं दिली असेल. आजी गेल्या असतील आणि खाली झोपवत नसेल. नातवाच्या लग्नासाठी घर लावलं असेल आणि आजोबा खुशीत वर गेले असतील. नाहीतर नुसती डागडुजी चालू असेल, दोन आठवड्यांत परत खाली येतील आणि गुडघेही शांत होतील. मी इथे बसून यातलं एक निवडलं तर जोडव्यासारखंच होईल. पण यातलं कुठलंही खरं असलं तरी तुमच्या औषधाच्या चिठ्ठीत फरक पडतो. दिवसातून सहा वेळा जिना चढउतार करणाऱ्या माणसाला व्यायामाचा कागद देऊन काय उपयोग? जिन्याला कठडा आहे का, वर संडास आहे का, रात्री उठून खाली यावं लागतं का, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं, आणि त्या वयात जिन्यावरून पडणं गुडघेदुखीपेक्षा वाईट.

कोर्सचं म्हणाल तर अठरा हजार ठेवा जवळ. त्यातल्या हजार-पंधराशेत एक बरं, पाठ असलेलं स्टूल घ्या, म्हणजे बसलेला माणूस पहिल्या मिनिटाला उठायच्या तयारीत राहणार नाही. आजोबा एक्स-रे घेऊन येतीलच. माणूस तोंडावर ‘ऐकलं नाही’ म्हणतो तेव्हा तो बहुधा परत येणार असतो. ज्यांनी आशा सोडली ते गोड बोलून जातात आणि शेजारच्या दवाखान्यात दिसतात. आले की एक्स-रेचं पाकीट लगेच उघडू नका. ते मांडीवर ठेवा, पेनाला टोपण लावा आणि विचारा, ‘‘आजोबा, त्या दिवशी तुम्ही वरच्या खोलीचं काहीतरी सांगत होतात.’’

मग घड्याळाकडे न बघता गप्प बसा. काय सांगितलं ते इथे जरूर लिहा.